उकळलं तरी

आमच्या बोलीत सरोवराला 'नाम' म्हणतात.
नाम लोल्वे.
नकाशावर त्याला एका राणीचं नाव आहे,
पण ती राणी इथे पाणी भरायला कधी आली नाही.

नेरेआ ओगुतु येते. पिवळा कॅन, कापलेला भोपळा.
भोपळ्याच्या बुडाने ती हिरवी साय बाजूला सारते,
तापल्या दुधावरची सारावी तशी,
आणि खालचं भरून घेते.
खालचंही हिरवंच. जरा कमी.

माझ्या डब्यात आज सात पट्ट्या उरल्यात.
प्रत्येकीच्या टोकाला नखाएवढं सोनं,
तेही मिठाईवरच्या वर्खाइतकं पातळ,
आणि सोन्यावर दाटीने उभी प्रतिपिंडं.
जगातला एकच चेहरा त्यांना ओळखता येतो.
हे जीवाणू जे विष करतात, त्याचा.

थेंब टाकायचा. वीस मिनिटं थांबायचं.
मग चिमूटभर व्होल्ट द्यायचा
आणि इलेक्ट्रॉनांना म्हणायचं, या.
पाणी निवळ असलं की ते धावत येतात,
पडद्यावर टेकडी उभी राहते.
विष असलं की उंबऱ्यातच धरलेला चोर आडवा पडलेला,
आत येणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही.
टेकडी बसते.
म्हणजे आमच्या धंद्यात कमी तेच जास्त.
पहिल्या वर्षी मी तीनदा उलटं वाचलं होतं.

"किती?" नेरेआ विचारते.
लिटरला चार.
"चार काय?"
मिठाचा एक कण घे, मी म्हणतो, त्याचे साठ तुकडे कर.
तसले चार. एकापर्यंत चालतं.
ती कॅनकडे बघते, मग माझ्याकडे,
मिठाचे तुकडे करणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.
"मी उकळून पिते," म्हणते. "भिंतीवर लिहिलंय."

लिहिलंय खरं.
पटकीच्या वर्षी तो कागद मीच चिकटवला होता,
खळ कमी पडली तर भाकरीचं पीठ कालवून.

तिच्या किटलीतलं निवलेलं पाणी. दुसरी पट्टी.
वीस मिनिटं. तिच्या मुलीची जुळी, आपियो आणि ओडोंगो,
माझ्या यंत्रावर बसलेली माशी हाकलत राहतात.
ओडोंगोच्या ओठावर चहाची रेघ आहे.
टेकडी येत नाही.
येते ती वारुळाएवढी.
अकरा.

जीव मेले होते, नेरेआ. सगळे मेले होते.
पण पेशी फुटल्या आणि पोटातलं होतं नव्हतं ते
पाण्यात ओतून मेले.
विषाला कसला ताप! ते उकळीत आंघोळ करून बाहेर येतं.
हे मी तिला सांगत नाही.
सांगतो ते एवढंच की उकळून वाढलं.

ती बराच वेळ काही बोलत नाही.
किनाऱ्यावर ओमेनाच्या चांदीसारख्या मासळ्या जाळीवर वाळत असतात,
कुणीतरी त्या उलथत असतं.
मग म्हणते,
"म्हणजे इतकी वर्षं कोळसा फुकट गेला."

त्या कोळशावरून मला सुचलं, असं म्हणणं खोटं होईल.
तिलाच सुचलं. जी गोष्ट जाळायची नाही,
ती ती फेकणाऱ्यांतली नाही.
फुटका माठ, खाली वाळू, वर कुटलेला कोळसा,
वर पुन्हा वाळू, आणि जुन्या शाळेच्या गणवेशाचा तुकडा.
सरोवराचं न उकळलेलं पाणी थेंब थेंब उतरलं.
तिसरी पट्टी.

टेकडी अर्धी आली.
अर्धी म्हणजे किती, ते मी दोनदा मोजलं
आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं, शाईने नाही.
दोनच्या जवळपास. चालणाऱ्याच्या दुप्पट.
शिवाय पटकीचं काय, त्याला उत्तर या पट्टीत नाही;
ती एकच चेहरा ओळखते.
गाळून मग उकळ, मी म्हटलं. आधी गाळ.
"आधी गाळ," ती म्हणाली, पाठ करायला दिल्यासारखी,
आणि माठावर ताट झाकलं.

जाताना मी भिंतीवरचा कागद ओढला.
अर्धाच निघाला.
पीठ फार चांगलं लागलं होतं त्या वर्षी.
भिंतीवर राहिलंय, उकळून.
"प्या" माझ्या हातात आलं.