निफाड किती?

सातपूरच्या जुन्या ऑफिसात डिसेंबर लागला
की हजेरीच्या आधी हा प्रश्न असायचा:
निफाड किती?

उत्तर बोरस्ते आणायचे.
सकाळच्या एसटीने, मफलरमध्ये गुंडाळून,
कुंदेवाडीच्या गहू केंद्रावरचा आकडा
जसाच्या तसा, न सांडता.
'साडेचार.'
कुणीतरी म्हणायचं, छे, पेपरात सहा आहे.
'पेपर नाशकात बसून लिहितात,' बोरस्ते म्हणायचे
आणि मफलर सोडायचे.
मफलर सुटला की वाद मिटला.

साडेचारवरून बोलणं कुठेही जायचं.
मणी तडकतील का, बागांत शेकोट्या किती पेटल्या,
शिरसाठांच्या मेहुण्याने द्राक्षं काढून पेरू का लावला,
पेरूवरून मधुमेह, मधुमेहावरून पंचवटीतले एक वैद्य,
वैद्यांवरून त्यांची घर सोडून गेलेली सून,
आणि सुनेपाशी आलं की गांगुर्डेबाई
रजिस्टर मिटून खुर्ची पुढे ओढायच्या.

नऊ ते नऊ वीस.
कंपनीचं त्यात काय बुडालं, कुणास ठाऊक.
मला मात्र त्यातच कळलं होतं
की शिरसाठ रात्री झोपत नाहीत,
की बाईंच्या हातातल्या पाटल्या
दिवाळीनंतर परत आलेल्या नाहीत.
कुणी सांगितलं नव्हतं.
सहा आणि साडेचारच्या मधल्या फटीतून
ते आपसूक दिसायचं.

आता आम्ही पाथर्डी फाट्याला, चौथ्या मजल्यावर.
काचा उघडत नाहीत.
स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एवढासा सूर्य
आणि त्याच्याशेजारी आकडा, नाशिकचा, आपोआप.
कुणाला काही विचारावं लागत नाही.
चहाचं मशीन एका वेळी एकच कप भरतं
आणि तो भरेपर्यंत प्रत्येकाला मोबाइलमध्ये
काहीतरी अत्यंत निकडीचं सापडतं.
टाइमशीटमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांना कोड आहेत.
मीटिंगला आहे, ट्रेनिंगला आहे,
'कर्मचारी आनंद उपक्रम' असतो दर तिसऱ्या शुक्रवारी,
चार ते पाच, उपस्थिती अनिवार्य, त्यालाही आहे.
'सहज'ला नाही.

गेल्या मंगळवारी मी पलीकडच्या टेबलावरच्या
ईशानी कोठावदेला विचारलं. तोंडाने.
तिने एका कानातलं बटण काढलं.
'सर?'
निफाड किती?
ती क्षणभर थांबली.
'चेक करते, सर.'
अगं नाही, सहज...
पण बटण परत कानात गेलं होतं.
पाच मिनिटांनी स्क्रीनवर तिचा मेसेज:
सर, निफाड डीलरची थकबाकी जोडली आहे.
खरंच जोडली होती. एक लाख बारा हजार,
तारीखवार.
पोरगी कामाची आहे, तिला काय बोलणार?
मी अंगठा टाकला.

बुधवारी नऊला बोरस्त्यांना फोन लावला.
रिटायर होऊन सहा वर्षं.
पहिल्याच रिंगला उचलला:
'काय झालं? कोण गेलं?'
कुणी नाही हो. सहज केला.
'सहज?'
उजेडात धरलेल्या नोटेसारखा
त्यांनी तो शब्द उलटसुलट करून पाहिला.
मी म्हटलं, निफाड किती?

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग खाट कुरकुरली.
'आता मी कुठे जातो केंद्रावर. थांबा, विचारतो.'
चपला. नळाची धार. कुत्रं एकदाच भुंकलं.
आणि कुणाच्या तरी भिंतीवरून बोरस्त्यांची हाक,
'किती रे आज?'
तिकडून कोणी म्हणालं, ते राहू द्या, काका,
आधी सांगा, काल रात्री तुमच्या दारात
जीप कुणाची होती?

मला दोघंही विसरले.
मी फोन कानाशी तसाच धरून बसलो.
इकडे माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका
पिवळा पडला.

जीप जावयाच्या मित्राची होती.