उंची, वजन, पोहता येतं का

ब्रेमेनहून वीब्के बाईंचा आज सातवा निरोप.
ट्राम चालवायच्या त्या, एकतीस वर्षं,
आता निवृत्त. विचारतात :
ऑक्टोबरात लाटा केवढ्या असतात?
मी लिहिते : कमरेएवढ्या. कधी छातीएवढ्या.
कोणाच्या कमरेएवढ्या ते त्या विचारत नाहीत,
मीही सांगत नाही.

अगादीरच्या विमानतळावर इद्दर घ्यायला येईल,
पांढरी गाडी, टपावर फळ्या बांधलेल्या.
दीड तास. वळणं बरीच आहेत,
मळमळत असेल तर पुढे बसा.
आठ दिवस, सात रात्री. न्याहारीला अमलू :
बदाम, मध, अर्गनचं तेल.
आई ते जात्यावर दळते,
हे मात्र मी माहितीपत्रकात घातलेलं नाही.
घातलं की लोक तिचे फोटो काढत बसतात
आणि दळण राहून जातं.

वेटसूट भाड्यातच धरलेला आहे,
म्हणून एवढा तक्ता भरा :
उंची. वजन. बुटाचं माप. पोहता येतं का.
त्याच रात्री भरून आला :
एकशे बासष्ट.
अठ्ठ्याहत्तर, खरं सांगायचं तर एक्क्याऐंशी.
चाळीस.
येतं. तलावात. तळ दिसत असेल तर.

नऊ वर्षं मी या टेबलाशी बसते आहे
समुद्राकडे पाठ करून,
नाहीतर पडद्यावर उजेड येतो.
पाच भाषांत मला म्हणता येतं की वाळू मऊ आहे.
कोणत्या चंद्राला खडक उघडे पडतात,
कोणत्या वाऱ्याला लाट आडवी मोडते,
सगळं ठाऊक,
जसं रोज्यातल्या आचाऱ्याला मीठ ठाऊक असतं.
पाण्यात मी गेले आहे घोट्यापर्यंत.

बाबांचा जन्म निळ्या होडीत गेला,
त्यांनाही पोहता येत नाही.
इथल्या कुठल्याच म्हाताऱ्याला येत नाही.
पोहता आलं की माणूस उशिरा बुडतो, म्हणतात,
फरक तेवढाच.
आणि जाळ्यातून सार्डिन सोडवत राहतात.

आठवा निरोप. रात्रीचे साडेअकरा.
तारखा पुढे ढकलता येतील का?
दोन खाटांची खोली घेतली होती,
नवरा येणार होता.
आता येणार नाही.
कारण लिहिलेलं नाही,
आमच्या रद्द करण्याच्या नियमांतही
कारणाला रकाना नाही.
रिकाम्या खाटेचे पैसे कापून घ्या, म्हणतात,
आणि खाली, एक ओळ सोडून :
साठीच्या बाईला कोणी हात धरून आत नेतं का,
की शिकवणारे सगळे पोरगेच आहेत तुमच्याकडे?

मी लिहिलं : पोरगेच आहेत, पण गुणी आहेत.
खोडलं.
लिहिलं : समुद्र सगळ्यांना सांभाळून घेतो.
आमच्या गावात बसून हे लिहायचं?
खोडलं.
खाली होड्या पाण्यात ढकलत होते,
त्या आरोळीत बाबांचा खोकला वेगळा ओळखू येत होता.

मग एक कोरा तक्ता उघडला.
उंची : एकशे अठ्ठावन्न.
वजन : खाली जाऊन मासळीच्या काट्यावर उभी राहून आले,
चौसष्ट, पायाला खवले चिकटले ते धरून.
बुटाचं माप : सदतीस.
पोहता येतं का.
इथे बराच वेळ गेला.
चहा गार झाला, त्यावर साय धरावी तशी
पुदिन्याची पानं काळी पडली.

सकाळी वीब्के बाईंना कळवलं :
तारखा बदलल्या आहेत.
दुसऱ्या खाटेचे पैसे लागणार नाहीत.
मऊ फळ्या दोन राखून ठेवल्या आहेत, आठ फुटी.
पहिला दिवस, ओहोटीला, सव्वासात.
तुमच्याबरोबर आणखी एक बाई असतील,
वय एक्केचाळीस, अगदी नवशिक्या,
त्यांनाही तळ दिसलेला बरा वाटतो.
हात कोण कोणाचा धरेल ते तिथे ठरवू.
नाव केल्तूम.

आणि खाली सही, नेहमीसारखी.
तेच नाव, दुसऱ्यांदा.