सुलटी बाजू कुठली

महापौर बंगला सजवायचा,
बघायला तिकीट वीस रुपये,
पैसे सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला –
असं ठरलं तेव्हा चहा चांगला होता म्हणे
आणि कुणाचीच हरकत नव्हती.

हरकत आली ती पडद्यांबरोबर.
पडदे माझ्या मागावरचे.
पडदे कसले, चादरीच त्या,
साखर पेठेत मागल्या खोलीत जकार्डवर काढलेल्या बावीस.
डाळिंबी जमीन, त्यावर मोरपंखी मोर.
कार्डं मी स्वतः टोचली.
एक भोक चुकलं की मोराचा पाय मोडतो.

विरुपाक्ष माळगे सभागृहात उभे राहिले.
डाळिंबी म्हणजे त्यांचाच झेंडा, म्हणाले,
दोन तांबे पाणी जास्त घालून.
हत्तुरेबाई महापौर. त्या म्हणाल्या,
मग मोर बघा की, तो तुमच्या रंगाचा आहे.
माळगे म्हणाले, मोराचं तोंड उजवीकडं,
आणि उजवीकडं कुणाच्या दालनाचं दार आहे
हे सभागृहाला माहीत आहे.
हे सगळं इतिवृत्तात आहे, पान एकोणीस ते सव्वीस.
पाण्याचा विषय त्या दिवशी पुढं ढकलला.
आमच्याकडं पूर्व भागात नळ पाचव्या दिवशी येतो.
त्या आठवड्यात सहाव्या दिवशी आला.

मग मला बोलावलं.
चिप्पा, तुम्हीच सांगा, रंग कुणी ठरवला?
साहेब, म्हणालो, सूत उरलं होतं.
कुणी हसलं नाही.
तेव्हा मी टेबलावरची चादर उचलली
आणि उलटी केली.

मोरपंखी जमीन. डाळिंबी मोर.
तोंड डावीकडं.

पंखा कुरकुरत होता तेवढाच.
माझ्या बापाला वाटायचं
चादर विणणारा माणूस भांडण मिटवू शकतो,
कारण त्याला दोन्ही बाजू एकदमच विणाव्या लागतात.
बाप कधी महापालिकेत गेला नव्हता.

कारण लगेच पुढचा प्रश्न निघाला :
यातली सुलटी बाजू कुठली?

पाच जणांची समिती. दोन बैठका. शेंगाचटणी, भाकरी, ताक.
ठराव असा की विषम तारखेला डाळिंबी बाहेर,
सम तारखेला मोरपंखी.
माळग्यांनी कॅलेंडर काढलं.
एकतीस मे विषम, त्यानंतर एक जून, तीही विषम,
म्हणजे सलग दोन दिवस त्यांचेच!
मग एकतीसला दुपारी बाराला पालटायचं ठरलं.
स्टुलावर चढून बावीसच्या बावीस
मी पालटत होतो, चव्वेचाळीस डिग्रीत.
खाली पत्रकार मोजत होते.

लोक आले.
विड्या कारखान्यात देऊन बायका आल्या,
चपला पायरीखाली काढून,
जणू आत कुणी देव बसलाय.
बालामणी आमच्याच गल्लीतली.
तिनं चादरीची किनार
तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटांत चोळली
आणि तेलुगूत विचारलं, धुतल्यावर रंग जातो का रे?
नाही जात, म्हणालो.
तिनं मान हलवली. पुढच्या खोलीत गेली.
रंगाबद्दल एवढा एकच प्रश्न
मला त्या महिन्यात कळला.

गल्ला एक्केचाळीस हजार आठशे साठ.
मशीन त्यात येत नाही.
खुर्च्या आल्या, वॉर्डाबाहेर ठेवायला, सहा.
रंग करडा. एकमतानं.
मंगळवारी, शुक्रवारी बालामणी त्यातल्या एकीवर असते.
नवरा आत असतो.
सूप मांडीवर घेऊन ती पानं कातरते,
शिपाई हाकलतो, मग थांबते, मग परत कातरते.

माझं बिल अजून निघालं नाही.
लेखापरीक्षण विभागाचा शेरा आहे लाल शाईत :
'दर कोणत्या बाजूचा लावला आहे,
याचा खुलासा करावा.'
तिसऱ्यांदा लिहायला बसलोय.
घरात कोरा कागद नाही.
मुलीच्या वहीतलं एक पान मिळालं,
पाठकोरं.