त्रुटी क्रमांक एकतीस

नदीकाठी पत्र्याचा कंटेनर. त्यात माझं टेबल,
एक शेगडी आणि अकरा फायली.
बाहेर ते पूल बांधत होते.
आत मी तोच पूल पानापानाने
भोकं पाडून दोऱ्यात ओवत होते.

पहिल्या फायलीत सनद, दोनच पानांची.
कशासाठी, किती पैशांत, कोणाच्या सहीने.
‘काराबुलुंग गावाला बारमाही वाट.’
खाली मंत्रालयाचा निळा शिक्का, जरा तिरका.
इतकं साधं वाक्य
पुढच्या दहा फायलींत मला सापडलं नाही.

भिंतीवर वेळापत्रक,
पायऱ्या उतरत जाव्यात तशा आडव्या पट्ट्या.
त्यातली एकच मला आवडायची:
काँक्रीट मुरू देणे, अठ्ठावीस दिवस.
तिच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं.
बिश्केकहून फोन यायचा, आटपा, आटपा,
आणि तिलेबाल्दी साहेब रिसीव्हर कानाला धरून
त्या पट्टीकडे बघत नुसते हो हो म्हणायचे.

जोखीम नोंदवहीत बेचाळीस ओळी.
पूर. दरड. खिंडीत अडकणारं सिमेंट.
वेल्डरला रशियात जास्त पगार मिळणे.
(ही मे महिन्यात खरी झाली.
उपायाच्या रकान्यात होतं: दुसरा वेल्डर.
तोही गेला.)
घोडा हा शब्द
बेचाळीस ओळींत कुठेच नव्हता.

ऑक्टोबरात हस्तांतर. समितीने त्रुटी काढल्या तीस:
बोल्ट ढिला, रंग उडालेला,
पाटीवर गावाच्या नावातलं एक अक्षर उलटं.
तेवढ्यात वरच्या कुरणांवरून कळप उतरले,
पुढे साबिरकुल, त्याच्या मांडीखाली अबलख घोडी.
लोखंडी जाळीवर पहिला खूर वाजला,
जाळीतून पाणी दिसलं,
आणि ती थांबली.
मागे चारशे मेंढ्या थांबल्या,
त्यांच्यामागे कुत्रा, त्याच्यामागे कोळशाचा ट्रक.
साबिरकुलने टाच मारली नाही.
म्हणाला, तिला दिसतंय ते खोटं थोडंच आहे?

मी कोरा तक्ता ओढला.
त्रुटी क्रमांक एकतीस. घोडी पुलावर चढत नाही.
गंभीरतेचा रकाना तसाच ठेवला.
सल्लागार हसला. घोडी कार्यकक्षेत बसत नाही, म्हणाला.
मी पहिली फाइल उघडून त्याच्यापुढे सरकवली.
‘वाट कोणाची, ते इथं लिहिलेलं नाही.’
‘म्हणूनच,’ मी म्हणाले.

तेवीस वर्षं कागदी घोडे नाचवले मी,
एका तरी घोडीची दखल घ्यायला नको?

बदल मागणी क्रमांक नऊ.
जाळीवर जुने नमदे, नमद्यांवर चार बोटं माती.
खर्च: शून्य, दोन्ही गावचंच.
वेळेवर परिणाम: एक दुपार.
वजनाचा हिशेब अभियंत्याने सिगारेटच्या पाकिटावर केला,
ते पाकीटही मी फायलीला लावलं.
तिलेबाल्दींनी जीपच्या बॉनेटवर सही केली,
शाई गोठलेली, म्हणून तीनदा गिरवून.

घराघरांतून नमदे आले, कसर लागलेले,
एकावर कोणाच्या तरी लग्नातली शिंगांची नक्षी.
घोडीने मातीला नाक लावलं, फुरफुरली,
आणि गेली.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
मेंढ्या जायला तासभर लागला.

आरेखकाने विचारलं,
अंतिम नकाशात नमद्याला चिन्ह कुठलं?
पुस्तकात नव्हतं. त्याने बारीक नागमोडी रेघा काढल्या.

उरली शेवटची फाइल, देखभाल आराखडा.
दर ऑक्टोबर, नवी माती.
जबाबदार व्यक्ती: इथं नाव हवं होतं.
साबिरकुल पेन हातात घेऊन बराच वेळ उभा,
मग विचारतो,
माझं लिहू, का हिचं?