आस

मागल्या साली ओझरच्या माळावर
कौतिक बोरस्तेचा ट्रक बावीस मीटरवर बसला.
बसला म्हणजे, आधी आवाज आला,
वाळलेलं बाभळीचं खोड फुटावं तसा,
मग मागची चाकं जागच्या जागी उभी
आणि इंजिन नुसतंच ओरडत राहिलं.
खाली त्याचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

डावा शाफ्ट मी ओढून काढला तर
टोकाचे दात पिळलेले, चकलीसारखे.
मोडायच्या आधी किती वळला होता
ते सगळं अंगावर लिहून ठेवलेलं.
कौतिकनं तो बोटांनी चाचपला, बराच वेळ.
मग म्हणाला, झुंबरभाऊ, यंदा असा बांध
की बापजन्मात तुटायला नको.

मी हो म्हणालो नाही. चहा सांगितला.

दोन महिने ट्रक माझ्या शेडात, आडगाव नाक्यावर,
घोड्यांवर चढवलेला, मागून रिकामा.
दिवसा कांद्याच्या गाड्या, तुटके पाटे, यू-बोल्ट,
म्हणजे रोजची भाकर;
रात्री ह्याचं हौसिंग.
अंबडच्या भंगारातली बोटभर जाड पट्टी
कापून खालून कैची घातली.
पण पट्टी जोडणं हे कामच नाही,
घाई न करणं हे काम आहे.
जिकडे आग तिकडे लोखंड ओढलं जातं.
एका दमात शिवण मारली
की सकाळी हौसिंगचं केळं झालेलं असतं.
म्हणून इंचभर इकडे, थांब, गार होऊ दे,
इंचभर तिकडे.
मध्ये रातराणी बस धुळ्याकडे गेल्या, मोजल्या नाहीत.
शेवटी गरम राखेत पुरलं, वर पोती टाकली,
बाळंतिणीच्या खोलीसारखं,
वारा लागू नये म्हणून.

इलियासचाचा आले द्वारकेहून, मुद्दाम रिक्षा करून.
डोळ्यांनी आता दिसत नाही,
त्यांनी शिवणीवरून नख फिरवलं.
काम चांगलं आहे म्हणाले,
आणि लगेच, म्हणूनच आता शेजारचं मोडेल.
जोर कुठंतरी जातोच, झुंबर.
कुठं जायचं ते तू ठरव,
नाहीतर तो ठरवतो.

जॉइंटचा क्रॉस मी जुन्याच मापाचा ठेवला.
स्वस्तातला. मोडला तर पाऊण तासात बदलता येतो.
कौतिकला सांगितलं नाही.

नात कार्तिकी हत्यारांच्या पेटीवर बसून
विज्ञानाचं पुस्तक वाचत होती.
आजोबा, एक्सलला मराठीत आस म्हणतात.
शेडात कुणी म्हणत नाही, मी म्हणालो.
मग ती दुसरी आस?
ती मराठीच्या पुस्तकात असेल, तिथं बघ.
पोरं हसली. ती हसली नाही.
तिच्या हाती ब्रश दिला, पांढरा ऑइलपेंट,
आणि नव्या शाफ्टावर पट्टी धरून
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
सरळ रेघ मारायला लावली.
कशाला? उद्या कळेल.

दगडांनी भरलेली घसरगाडी, साखळी, धूळ.
ट्रकचं नाक उचललं गेलं, मागचं अंग बसलं,
आणि सगळं वजन
मी इंच इंच जोडलेल्या जागेवर येऊन थांबलं.
मी बघितलं नाही. पायाखाली बघत होतो.
माती थरथरत होती ती थांबेना,
तेव्हा समजलं, चाललाय.

एकसष्ट मीटर. नंबर तिसरा.
कौतिकनं गुलाल माझ्या चष्म्यावरच टाकला.
क्रॉसही टिकला. पुढल्या साली मोडेल,
तेव्हा तो मला शिव्या देईल, देऊ दे.

सकाळी शाफ्ट काढला, दिवा जवळ नेला.
रेघ सरळच होती, जवळजवळ शेवटपर्यंत.
दातांपाशी एका बाजूला कललेली,
गव्हाच्या दाण्याएवढी.
कार्तिकीनं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं,
पुसून परत नीट काढते म्हणाली.

नको, म्हटलं. ती राहू दे तशीच.
नवी तिच्या शेजारी काढ.