अंदाज : नव्वद टक्के

राजारामपुरी, सातवी गल्ली, औषधाच्या दुकानावर जिना.
इंगवले मॅडमनी वहीत तीन रकाने आखले :
काय होईल वाटतं. किती टक्के वाटतं. काय झालं.
तिसरा घरी बसून भरता येत नाही, म्हणाल्या.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागालाही हात हलत नाही माझा.
पण चारचौघांत कुणी भरला ग्लास दिला
की बोटांत भूकंप.
बारा वर्षं पित्त आहे, उपास आहे, आत्ताच झाला.
ग्लास दोन्ही हातांनी, तोंड भिंतीकडं.
मॅडम त्याला कुबड्या म्हणतात,
पाय धड असताना काखेत घेतलेल्या.

गृहपाठ : गंगावेस, रात्री नऊ, दूध कट्टा.
एका हातानं ग्लास. आणि थोडं सांडायचं.
मुद्दाम!
पहिला रकाना मी बसस्टॉपवर भरला :
सगळे थांबतील. हसतील.
कोण तरी म्हणेल, पिऊन आलायस काय रं?
टक्के नव्वद.

हिंदुरावांनी म्हशीखालून उठून
फेसासकट ग्लास पुढं केला, अंगाच्या उबेचा.
डावा हात मी खिशात कोंडला.
मुद्दामची वेळच आली नाही.
शर्टावर, चपलेवर, फरशीवर.

आत बघू नका, बाहेर बघा, मोजा,
असं मॅडमनी बजावलेलं.
छातीतला ढोल वाजू दिला आणि मोजलं.
अकरा माणसं.
तालमीतली दोन पोरं, मिशीला फेस, कुठल्याशा डावावरून भांडणारी.
एक बाई फोनवर, "पोचलास का? जेवलास का?"
एक लहान पोरगी माझ्याकडं बघत होती.
नाही, माझ्या चपलेकडं. तिथं मांजर आलं होतं.
म्हशीनं शेपूट फिरवलं.

एक पोरगा हसला.
हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर वही खोटी.
हसला, आणि परत डावावर गेला.
कान तापले माझे. मग निवले.
किती वेळात, ते बघायचं राहून गेलं.

"सांडलं व्हय? आण हिकडं,"
हिंदुराव म्हणाले, आणि भरून दिला.
पैसे एकाचेच घेतले.

तिसऱ्या रकान्यात जागा कमी पडली.
मांजराचं समासात लिहिलं.

मॅडम शाबास म्हणाल्या नाहीत.
"आता किती टक्के?"
चाळीस, म्हटलं.
त्यांनी पान उलटलं :
रविवारी मिसळ. मधलं टेबल.
कट मागून घ्यायचा, मोठ्यानं.