लवकरची जात

इग्नातने काडी दिली ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
चार डोळ्यांची, पेन्सिलीएवढी.
चिठ्ठीवरचं नाव पावसानं धुऊन नेलेलं.
"लवकरची आहे," एवढंच म्हणाला,
"आमच्याकडे पंधरा ऑगस्टला तयार."
मी हसले.
शाळेच्या मैदानातलं, जिलेबीच्या रांगेतलं ते हसू
मोल्दोव्हाच्या माणसाला कुठून समजावू?

वूस्टर. सेव्हर्नच्या पुराची रेघ जिथं संपते
त्याच्या हातभर वर, एकतीस नंबरचा तुकडा.
दक्षिणेला विटांची भिंत, तेवढीच काय ती ऊब.

तासगावला काका वर्षात दोनदा छाटत,
एप्रिलला काडीसाठी, ऑक्टोबरला घडासाठी.
इथे एकदाच, जानेवारीत, हातमोज्यांतून.
एका वर्षी नाइट ड्यूट्यांत मार्च उजाडला,
आणि कापल्या जागेतून वेल ठिबकत राहिली
आठ दिवस.
मी खाली बादली ठेवली. कशाला, कोण जाणे.

मेमध्ये हिम पडणार म्हणाले
तेव्हा पलंगावरची चादर काढून नेली.
यशोधन गादीवर तसाच झोपला.

जूनअखेर विरळणी.
भुवयांच्या कात्रीनं घडातले निम्मे मणी खाली.
शेजारची ग्वेनेथ डोळे मिटून घ्यायची.
"थांब जरा," मी म्हणायचे, "मण्यांत पाणी उतरू दे,"
की ती आभाळाकडे बघायची.

इग्नात जुलैतच गेला, लिंकनशरला, कोबीच्या पॅकिंगला.
फोन लागत नाही.

पंधरा ऑगस्टला मणी हिरवे, गोट्यांसारखे टणक.
वीसला तसेच.
मग एका सकाळी भिंतीकडचा एक घड
आतून दिवा लावल्यासारखा दिसला,
आणि जाळीला भोक कुठं आहे
ते गांधीलमाशीला माझ्याआधी माहीत होतं.
पहिला मणी तिचा.
दुसरा माझा: साल जाड, गोडी जिभेवर उशिरा येणारी,
बीजवळ किंचित आंबट. बिया दोन.
तळहातावर धरून उभी राहिले, थुंकावं कुठं ते सुचेना.
तीन सप्टेंबर.

जानेवारीत ग्वेनेथनं काडी मागितली.
ओलं वर्तमानपत्र, चार डोळे.
"नाव काय हिचं?"
चिठ्ठी या वेळी पेन्सिलीनं लिहिली, शिसं पावसाला दाद देत नाही:
पंधरा ऑगस्ट.
"म्हणजे तेव्हा पिकतात?"
"नाही," मी म्हटलं.